फेस सोडून

सव्वीस वर्षं मी मापं तपासली.
रॉकेलची, दुधाची, पेट्रोलपंपाच्या नळीची.
अकोल्याच्या बाजारात एक बाई यायची
पिशवीत शिक्का आणि हातोडा घेऊन,
ती मी.
लिटरला लिटर म्हणायचं की नाही
ते माझ्या हातात होतं.

निवृत्तीनंतरची पहिली सहल, एकटीची.
मुलगा म्हणाला, कोल्हापूर? देवीला?
म्हटलं, हो, देवीलाही.

पहाटे गंगावेशीत म्हैस पिळताना पाहिली.
धार सरळ पेल्यात,
निम्मा पेला दूध, निम्मा फेस.
सवयीनं विचारलं, हे किती धरायचं?
दूधवाल्यानं माझ्याकडे न बघता
फेस बसू दिला, वर पुन्हा धार सोडली.
"फेस मोजत न्हाई आमी, मावशी.
फेस नुसता देतो."
इतक्या वर्षांत कुठल्या दुकानदारानं
मला असं गप्प केलं नव्हतं.

दुपार चपलांच्या गल्लीत गेली.
डावी करकरते, उजवी मुकी.
विकणारा म्हणाला, बोलेल तीपण, जरा चालवा.

तर चालवत चालवत
संध्याकाळी उद्यमनगरात रस्ता चुकले.
लेथच्या जुन्या शेडमध्ये दिवे,
फरशीवर अजून ऑइलचे डाग,
भिंतीलगत स्टीलच्या तीन टाक्या,
डेअरीत असतात तशा. म्हणून आत गेले.
हे खरं कारण नाही.
पाटीवर स्वच्छ लिहिलं होतं:
गुळाची बिअर, इथंच केलेली.

"बसा की," मुलगी म्हणाली, "पाणी आणतो."
आणतो.
इथल्या बायका असंच बोलतात, येतो, जातो, सांगतो.
सकाळपासून ऐकत होते
आणि मनातल्या मनात
लाल पेननं दुरुस्त करत होते.

मालक शीतल मगदूम, असेल बत्तिशीचा.
शाहूपुरीत तीन पिढ्यांची गुळाची अडत.
जैन. स्वतः घोटभरही घेत नाही.
"मग कळतं कसं तुम्हाला?"
"वासावरनं. आणि पिणाऱ्याच्या तोंडावरनं."
असं म्हणून समोरच बसला,
काट्याकडे बघतात तसा
माझ्या तोंडाकडे बघत.

पेला आला. तपकिरी, वर दोन बोटं फेस.
नजर आधी मापाच्या रेषेकडे गेली.
रेष होती. फेसाच्या खाली की वर,
ते मी पाहिलं नाही.
पाहिलं. सांगणार नाही.

"आजोबा म्हणायचे, काहिलीवर मळी येती,
ती काढून टाकायची, तरच गूळ देखणा.
त्यास्नी वाटतं, मी मळीच विकतोय."

आधी कडू. मग कडूच.
मग बऱ्याच मागून, जिभेच्या मुळाशी,
चिपाडं जळाल्याचा धूर,
काकवीच्या डब्याचा तळ,
आणि एक आंबूसपणा,
ज्याला माझ्या दप्तरात एकच शब्द होता,
नासलेल्या दुधासाठीचा.

"काय लागतंय?"
मी म्हटलं, चांगली आहे.
"तसं नको. सगळे भारी म्हणत्यात.
भारी काय चव हाय व्हय?"
मग मी सांगितलं, क्रमानं.
धूर. काकवी. आंबूस, पण नासकं नव्हे.
त्यानं खिशातनं वही काढली
आणि तारीख टाकून लिहून घेतलं.
माझं बोलणं
कुणी असं नोंदवलं नव्हतं,
नोंदी करणारी मीच असायची.

फोन वाजला. मुलगा.
जेवलीस? तांबडा की पांढरा?
म्हटलं, तिसरा.

फेस बसला होता. पेल्याच्या काठाला
त्याचा कोरडा पांढरा कडा तेवढा राहिला.
किती होतं, किती प्याले,
हिशेब लावता आला असता.
मुलगी पेला उचलायला आली.

"अजून एक घेतो," मी म्हणाले.

तिच्या कानाला त्यात काही खटकलं नाही.
ती टाकीकडे वळलीसुद्धा.