डुकरांचा राखणदार

वर्तमानपत्राने विचारलंय,
कैलासवासी ऑबडाया टार्बेल यांनी
कोणकोणती पदं भूषवली, अर्ध्या स्तंभात.
मी हेझनफेरी गावचा कारकून.
दौत गोठलीय, ती शेगडीपाशी धरून बसलोय
आणि वही उघडलीय सतराशे सदुसष्टची.

पहिलं पद : डुकरांचा राखणदार.
हसू नका. आमच्याकडे नव्या नवरदेवाला
मार्चच्या सभेत थट्टेने हेच देतात.
मोकाट डुक्कर कुणाच्या मक्यात शिरलं
की धरायचं, नाकात कडी घालायची,
मालकाकडून दंड वसूल करायचा.
सगळी सभा खिदळत होती.
तो उठला, टोपी काढली,
आणि शपथ अशी घेतली
की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प झाली.
त्या वर्षीचा पहिला दंड भरला
त्याच्या सख्ख्या सासऱ्याने.

मग कुंपणं. मग रस्ते.
मग राजाची माणसं आली रानात,
उंच पाइन दिसला की खोडावर
कुऱ्हाडीचे तीन घाव, बाणाच्या आकाराचे :
हे झाड आता आरमाराचं.
लोकांनी काठ्या उचलल्या.
याने तीन पानांचं पत्र लिहिलं,
आणि पत्र पोचायच्या आत
काठीही उचलली, हे मात्र वहीत नाही.

मग फिलाडेल्फिया. घोडी वाटेत दोनदा लंगडली.
तिथून बायकोला पत्रं यायची :
सलगम कसे विकले, छत गळतंय का,
आज एका स्वल्पविरामावरून दिवसभर भांडलो,
जिंकलो, पाय सुजलेत.

नव्वद सालचा फेब्रुवारी, न्यूयॉर्क.
क्वेकर मंडळी अर्ज घेऊन आली होती,
माणसांचा बाजार बंद करा म्हणून
दाताच्या कण्या करत होती.
त्या दिवशीच्या त्याच्या रोजनिशीत एकच ओळ आहे :
दाढ दुखते, सभागृहात गेलो नाही.

त्याच्या स्वयंपाकघरात तेव्हा
फिबी भाकरी भाजत होती,
सासऱ्याने लग्नात दिलेली,
पितळी घंगाळ आणि दोन रजयांबरोबर.

दाढ किती दिवस दुखली, ठाऊक नाही.
एप्रिलात घरी आला, तो गाल धरूनच.
माझ्यासमोर कागद केला, सही केली,
फिबी मोकळी, शिवाय एक गाय.
वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली,
गाय भाकड आहे.
तेही मी लिहून घेतलं, समासात.

पुढे सिनेट. पुढे एक तह,
ज्याच्याबद्दल तो कधी बोलला नाही.
पुढे एकेचाळीस मतांनी हार,
रमच्या भट्टीवाल्या पर्ली ड्रेककडून,
ज्याने मतदानाच्या दिवशी पिंपंच फोडली.
परत आला तेव्हा वेशीवर कुणी नव्हतं.
मीही नव्हतो. भट्टीवाल्याकडे होतो.

अठराशे आठचा मार्च. कुणीतरी मागून ओरडलं,
म्हातारा रिकामा बसलाय, डुकरं द्या त्याला!
हात वर झाले. माझाही.
तो उठला. टोपी काढली.
शपथ तीच, आवाज मात्र फाटका.

जूनमध्ये फिबीची डुकरीण
त्याच्याच मक्यात सापडली.
दोरीने ओढत तिच्या दारी नेली, खिशात कडी.
मी दंडाची पावती घेऊन मागे उभा.
फिबी उंबऱ्यात आली, हाताला पीठ.
म्हणाली, दंड घ्या साहेब,
कडी मात्र माझ्या दारात
कुणाच्याच नाकात घालायची नाही.

पाइनवर इतक्या वर्षांचा बाण असावा,
खोल, डिंक वाळलेला,
तसा त्याचा चेहरा झाला.
सभागृहं हलवणारा माणूस
तोंडात मूग धरून उभा राहिला.
मग दोरी सोडली.

नोंद अशी आहे :
डुकरीण फिबीची. नुकसान टार्बेलच्या मक्याचं.
दंड वीस सेंट, भरणारा टार्बेल.
कडी : रकाना कोरा.

शाई आता वितळलीय.
पाठवतोय सगळी पदं, पहिल्यापासून.
संपादक वरची ओळ काढून टाकतील, टाकोत.
डुकरीण अजून मोकाट आहे,
आणि मार्चला अजून सहा आठवडे.