हवा भरून मिळेल

मानवतला, पाथरी रोडवर,
जिनिंगच्या भिंतीला टेकून सत्तारभाईचं पंक्चरचं दुकान.
त्यांची शगुफ्ता माझ्या वर्गात. दुसरी. खिडकीकडची रांग.

मुळाक्षरं तिला सगळी पाठ,
अ पासून ज्ञ पर्यंत एका दमात, मध्ये थांबवलं तर पुन्हा अ पासून.
पण फळ्यावर 'मगर' लिहिलं
की बोट ठेवून म्हणायची:
मक्याचा म, गवताचा ग, रथाचा र.
मग काय झालं?
"मका, गवत, रथ.
कुणीतरी शेतातून चाललंय मॅडम."

वर्ग हसला. मीही हसले.
रात्री भांडी घासताना वाटलं, चुकलं कुठे तिचं?
प्रत्येक अक्षराच्या कमरेला आम्हीच एकेक वस्तू बांधून दिलेली,
गाठ सोडायची कशी ते सांगायचंच राहिलं.

मग गल्लीतून लग्नपत्रिका मागून आणल्या,
पाठकोऱ्या बाजूंची पुस्तकं शिवली, दाभण आणि सुतळीने.
एका पुस्तकात एकच आवाज.
पहिल्यात ससा नाही, साप नाही,
नुसती सायकलची ट्यूब, तिच्यात घुसलेला खिळा,
खाली: स.
"हे काय म्हणतंय?"
शगुफ्ताने चित्राला कान लावला.
स्स्स्स्स्स्
आणि अख्खा वर्ग पंक्चर झाला, बेंचांवर आडवा,
शेजारचे गुरुजी दारात येऊन बघून गेले.

र ला बोअरची मोटर. फ ला बशीतला गरम चहा.
म ला काही चित्रच सुचेना,
तर रुक्मांगद म्हणाला, तोंडात पेढा असल्यावर मॅडम,
आणि कुणी आवाज दिल्यावर.
तो पेढा मी काढला. म ला त्याहून चांगलं काही नाही.

आवाज आले, पण जोड लागेना.
स. र. स. र.
ती दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात उतरायची आणि तिथेच बसायची.
शेवटी म्हटलं, ट्यूब रिंगवर कशी चढवतात?
"हात न उचलता. सरकवत."
सरकव मग.
सssर.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं मीच काहीतरी तिच्यापासून लपवून ठेवलं होतं.

ळ चं पुस्तक रिकामंच राहिलं होतं.
ळ ने सुरू होणारा शब्द सापडेना, सापडणारही नव्हता.
"हा आमच्या घरात नाही," ती म्हणाली,
आणि खरंच, तिच्या तोंडात बाळ चं बाल, काळा चं काला.
जीभ मागे वळव, टाळूला टेकव, मग सोड.
मला दाखवता येईना, तिला दिसेना.
दुसऱ्या दिवशी दुकानातून मोटारसायकलचा फुटका आरसा घेऊन आली,
दप्तरात चिंधीत गुंडाळून,
आणि आठवडाभर मधल्या सुट्टीत
सगळी दुसरी आरशापुढे रांगेत, आ वासून,
आपापली जीभ कुठे जाते ते बघत.
पुस्तकात आम्ही मग शेवटून शब्द भरले:
नळ, गूळ, जवळ, सकाळ.

दिवाळीच्या सुट्टीत स्कूटीत हवा कमी वाटली म्हणून थांबले.
कॉम्प्रेसरच्या वर पत्र्याची पाटी, लाल रंग ओघळलेला.
तिच्या जन्माआधीची असावी.
ती उभी राहिली पाटीखाली, बोट वर,
ह… वा… हवा. भ… रू… भरून.
मि…
इथे थांबली. जीभ वळताना मला गालावरून दिसली.
…ळे…ल.
ळ आणि ल, एकाला एक लागून,
आणि तिने दोघांना वेगवेगळं ठेवलं.

"अब्बा, ये तो लिखा हुआ है!"
"हौ. फिर तू क्या समझी थी?"
"डिझाइन."

सत्तारभाई हसत पाइप गुंडाळू लागले,
मी पर्स उघडली तर हात हलवला,
नक्को मॅडम, तुमच्याकडून कसले.
"पाच रुपये," शगुफ्ता म्हणाली.
"फुकट असं कुठंच लिहिलेलं नाही.
मी वाचलंय."