फळा

माझं अक्षर बरं, म्हणून खडू माझ्याकडे.
आठवीचा त्रिकोण अर्धा पुसून
मी वर लिहिलं : नियम.
बिश्केकहून आलेल्या गुलझीनाबाई म्हणाल्या,
पाण्याचं नंतर.
आधी बोलायचं कसं, ते ठरवू.

वरचं ताल-बुलाक खिडक्यांकडे,
खालचं भिंतीकडे,
मुलांच्या बाकांत गुडघे न मावणारी माणसं.
फावडी बाहेर, पायरीशी.
तो नियम लिहावा लागला नाही.

एका वेळी एकानेच बोलायचं.
यावर पाऊण तास सगळे एकदम बोलले.
शेवटी एक पियाली ठरली, काठाचा टवका उडालेली :
ती ज्याच्या हाती, त्याची पाळी.
तोक्तोसून म्हणाला, रिकामी नको.
हातात ऊन चहा असला की
माणूस हातवारे करत नाही.
भरून दिली.

दुसरा नियम बाईंनी सांगितला, मी लिहिला :
जुनी मढी उकरायची नाहीत.

पियाली फिरत फिरत कालीपांकडे आली.
त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत.
"एर्मेक मढं नाही," म्हणाल्या.
"घरी आहे.
पाटाच्या फळीशी त्याच्या डोक्यात फावडं बसलं
त्याला जूनमध्ये वर्ष होईल.
शर्टाची डावी बाही त्याला अजून सापडत नाही.
मी धरते, तो हात घालतो.
हे सांगायचं नाही
तर मी इथे कोण म्हणून बसू?"

खिडक्यांकडची माणसं
उरलेल्या त्रिकोणाकडे बघत राहिली,
जणू आत्ता कुणालातरी उत्तर विचारतील.

बाईंनी खूण केली. मी पुसलं.
ओलं फडकं फिरवूनही 'मढी' दिसतच होतं.
त्याच्यावरच लिहिलं :
झालेलं सांगायचं. बसून सांगायचं.
ऐकणाऱ्यानं मध्ये 'पण' म्हणायचं नाही.

"पण..." म्हणाला सापारबेक,
आणि दोन्हीकडे हसू फुटलं.
कालीपा हसल्या नाहीत.
पियाली अजून त्यांच्याच हातात होती,
चहावर साय धरलेली.

अंधार पडेपर्यंत नियम चारच झाले.
पाण्याबद्दल थेंबभरही बोलणं नाही.
पायरीशी फावड्यांचा ढीग एक झालेला;
खालच्या गावातल्या कुणी दांडा चाचपून म्हटलं, ही तुमची.
वरच्यानं घेतलं.
आभार मानले नाहीत,
तसं कुठे लिहिलं नव्हतं.

सकाळी मुलं आली.
मी म्हटलं, फळ्याला हात लावू नका.
त्रिकोण राहिलाय तेवढा
तोंडीच सोडवू.