मोर्तब सुद

मोघ्यांच्या दुकानातून चंदेरीची पत्रं निघतात
दर गुरुवारी, अकरा हजार चारशे पत्त्यांवर,
आणि जाऊन पडतात स्पॅममध्ये,
लॉटरी लागल्याच्या बातम्यांशेजारी.
"आपण काय लबाड आहोत का हो?"
श्यामकांत मोघे विचारतात, गादीवरून,
जूनमधल्या ग्वाल्हेरात,
पाटणकर बाजारातली शटरं
दुपारी दोनला हात लावू देत नाहीत तेव्हा.

लबाड नाही, मी म्हटलं.
पण नसल्याचं लिहून कुठे ठेवलंय?

गादीच्या वर काचेत एक मोडी कागद आहे.
मला मोडी येत नाही, त्यांनाही नाही.
तळाशी शिक्का, सुपारीएवढा, फिकट.
त्याचं त्यांना एवढंच ठाऊक:
मजकूर संपला की तिथेच उठवायचा,
म्हणजे मागाहून कुणी एक ओळ घुसडू नये.
हेच, मी म्हटलं. मला आज हेच करायचंय.

आधी यादी. आमच्या नावानं
कुठले कुठले जासूद निघू शकतात, एका ओळीत,
शेवटी एक नागमोडी खूण:
बाकीच्यांवर जरा संशय असू द्या.
मग किल्ली, चारशेच्या आसपास अक्षरं,
एकाचाही अर्थ लागत नाही.
ती चव्हाट्यावर टांगायची, कुणीही पाहावी.
तिची जोडीदार मात्र तिजोरीतून हलायची नाही.

दोन दिवस काही जुळेना.
तिसऱ्या दिवशी दिसलं, चिकटवताना
मधेच एक मोकळी जागा पडली होती.
एवढ्यानं शिक्का खोटा ठरतो.

बाबांचा चेक असाच परत आला होता
जयेंद्रगंजच्या बँकेतून. सही जुळत नाही.
कारकून वाईट नव्हता.
त्यानं जुनी सही आणि नवी सही
शेजारी शेजारी धरून नीट पाहिली,
समोर बसलेल्या बाबांकडे तेवढं पाहिलं नाही.
बाबा म्हणाले, तुमचं पेन घसरतं.
पुन्हा केली. पुन्हा घसरलं.

तिसरी चिठ्ठी पलीकडच्या दारवानासाठी:
न जुळणारं पत्र आलं तर काय करायचं.
बाजूला ठेवा, असं लिहिता येतं.
हाकलून द्या, असंही.
मी लिहिलं, अजून काहीच करू नका. फक्त कळवा.

पहाटे अहवाल आला.
एक अनोळखी. तीनशे बारा पत्रं आमच्या नावानं,
शिक्का नाही, यादीत नाव नाही.
"धरा त्याला!" मोघे उठून उभेच राहिले.
मी आकडे धरून दिवसभर माग काढत गेले
आणि संध्याकाळी पोचले
त्यांच्याच दुकानाच्या माळ्यावर.

बिलांचं यंत्र. आठ वर्षांचं.
नथ्थीलाल कुशवाह रात्री त्याच्यावर
धुळीसाठी आपला गमछा पांघरून जातो.
आठ वर्षं ते बिचारं गिऱ्हाइकांना
'आपली पावती सोबत जोडली आहे' धाडत होतं.
त्याचं नाव कुणी लिहूनच घेतलं नव्हतं.

लिहिलं.

या गुरुवारी पत्र गेलं,
तिन्ही जागी हिरवी खूण उमटली.
मोघ्यांनी चष्मा लावून तिन्ही पाहिल्या, बोट ठेवून.
"म्हणजे आता घेतील ना साड्या?"
ते काही सांगता येत नाही, मी म्हटलं.
विचारणारे आपणच आहोत, एवढं आता कळेल त्यांना.

ते थोडा वेळ गप्प राहिले.
मग जिन्याकडे तोंड करून ओरडले,
"नथ्थी, तीन गन्ने के रस! बर्फ कम!"

दारवानाच्या चिठ्ठीत मी 'हाकला'
अजून लिहिलेलं नाही.
आणखी दोन आठवडे थांबणार आहे.
घरातलंच कुणी राहिलं असेल.