बाहेरचं तेवढं

इंजिन उघडायचं नाही, असं ठरवूनच बसले.
फक्त बाहेरचं: कार्बोरेटर, धुराचा पाइप,
डावं झाकण, उजव्या अंगाचा जनरेटर.
पोटातलं पोटात राहू दे.

नारिनमध्ये मार्च म्हणजे अजून हिवाळाच.
अंगणातल्या कंटेनरला हात लावला तर कातडी चिकटते.
म्हणून गाडी आत आणली, चूल विझवून,
नमद्याच्या जुन्या तुकड्यावर उभी केली.
साइडकार कधीचीच कोंबड्यांना दिली आहे.
आई असती तर घराबाहेर काढलं असतं,
गाडीला आणि मला.

पलीकडच्या खोलीत बाबा.
उजवा हात गेला, जीभ गेली.
डाव्या हातात चमचा, उशाशी चहाचा रिकामा वाडगा.
एकदा टण् म्हणजे हो. दोनदा, नाही.
तीनदा म्हणजे पाणी.
भराभर वाजला, तर मी काहीतरी चुकते आहे.

आधी पाइपचा गोल नट.
त्याला आकडीचा पाना लागतो. मी छिन्नी लावली.
पहिल्याच घावाला आतून टण्टण्टण्टण्.
मध्ये भिंत आहे, त्यांना काही दिसत नाही,
पण लोखंडावर चुकीचं लोखंड कसं ओरडतं
ते मी त्यांना काय सांगणार.
पाना त्यांच्याच खाटेखाली निघाला,
फडक्यात गुंडाळलेला, तेल लावलेला,
माझ्या लग्नाची चांदी सुद्धा एवढी जपली नव्हती कुणी.

कार्बोरेटर दोन नटांवर सुटला.
तळाशी तीन वर्षांपूर्वीचं पेट्रोल, डिंक झालेलं.
नाकात आत-बाशीचा बाजार शिरला:
साइडकारमध्ये मेंढी, मेंढीला धरून मी,
आणि बाबा काहीतरी गात होते, वाऱ्यामुळे अर्धंच ऐकू येणारं.
जेट फुंकला. बल्बसमोर धरला.
सुईएवढा उजेड.

डाव्या झाकणाला सात स्क्रू, लांबी सगळ्यांची वेगळी.
पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढून
ज्याच्या त्याच्या जागी खोचायचे,
हे त्यांनीच शिकवलेलं, मी नऊ वर्षांची असताना:
‘अय्झिरेक, डोक्यावर भरवसा ठेवू नकोस. पुठ्ठ्यावर ठेव.’

झाकण निघालं. थंडीने घट्ट झालेलं तेल
सावकाश, नाइलाजाने, ताटात उतरलं.
गॅस्केट फाटलं,
आणि त्यावर अक्षरं.
निळी शाई. माझं अक्षर.
चौथीतल्या भूगोलाच्या वहीचं कव्हर.
‘नदी उगम पावते’ एवढं वाचता आलं,
पुढे स्क्रूचं भोक.

त्या वहीपायी मी छड्या खाल्ल्या होत्या. हरवली म्हणून.

‘वही तुम्ही घेतली होती?’ मी भिंतीला विचारलं.
बराच वेळ काही नाही.
कोंबडी ओरडली, शेजारी कुणीतरी ट्रक चालू केला.
मग, एक टण्.

नवीन गॅस्केटला पुठ्ठा हवा होता.
हाताशी दवाखान्याची फाइल होती, जाड, पिवळी.
झाकणावर धरून कडेकडेने हातोडीने ठोकत गेले,
हलकं, कड स्वतःच कापते.
‘ऑस्मोनबेक, वय ७१’ आतल्या बाजूला गेलं.

मग उलट्या क्रमाने सगळं.
स्क्रू बसला की शेवटी कट् असा आवाज येतो.
हात पुसत उठले तर चमचा सुरू झाला, थांबेना.
मोजले. सहा.
पुठ्ठा रिकामा, ताट रिकामं,
नमदा झटकून पाहिला.
सातवा माझ्याच गुडघ्यात रुतून बसला होता;
गारठ्याने गुडघा बधिर, कळलंच नाही.

तोक्तोसून उद्या येतो आहे, चार हजार सोम घेऊन,
हे मी अजून बोललेले नाही.

‘इथेच चालू करून बघू का? धूर होईल.’
टण्.

खिडकी उघडली. बर्फाची भुरभुर वाडग्यापर्यंत गेली असेल.
पहिल्या किकला काही नाही.
दुसऱ्या किकलाही नाही.
तिसऱ्यासाठी पाय उचलला
तर आतून चमचा, भराभर पण हळू,
झोपलेल्या माणसाला उठवावं तसा.

पेट्रोलचा कॉक मी उघडलाच नव्हता.