जां हैं वांच

अठ्ठावीस वर्षं टॉवेल विणले.
माग म्हणजे काय ते माझ्या कानांना विचारा.
म्हणजे विचारू नका, त्यांना ऐकू जाणार नाही.

अक्कलकोट रोडला गाजूल शेठच्या शेडमध्ये
आम्ही ओठांनी बोलतो.
अंबादास तेलुगूत ओठ हलवतो, मी दखनीत,
चहा दोघांनाही कळतो.
पहाटे पाळी सुटली की सायकल हाणत
नई जिंदगीच्या मशिदीत.
भुवयांत, दाढीत कापसाचं पीठ,
वजू केला की मोरीत पांढरं तरंगत जातं.

तकबीर मला दिसते.
पुढच्या सफीतले हात कानांपाशी जातात,
मीही नेतो,
पाळीला अंगठा टेकतो.
एवढ्यापुरता तरी कान कामाचा.

मग हात बांधायचे आणि सना म्हणायची.
सुब्हानक... तू पाक आहेस,
मनातल्या मनात, दोन-तीन ओळी,
कुणाच्या घरात शिरण्याआधी
माणूस दारात जरा खाकरतो तशी.
इमाम मोठ्यानं पढू लागला की मात्र गप्प.
मागच्यांनी ऐकायचं.

हाफिज मुबश्शिर वयानं माझ्या धाकट्याएवढे.
त्यांना विचारलं, सना अर्धीच झाली असली तर?
ते माझ्या समोर येऊन, ओठ नीट उघडून म्हणाले,
"जां हैं वांच रुक जाव."
शब्द अर्धा असला तरी?
त्यांनी मान हलवली.

हे मला समजतं.
आडवा धागा तुटला की माग असाच थांबतो,
टॉवेलवर फूल अर्धं,
कुणाला ओरडावं लागत नाही.
पण धागा तुटलेला मागाला कळतो.

मला लाडलेसाब कळवायचे.
उजव्या हाताला त्यांची जागा,
बिडी कारखान्यात जुडग्या मोजून
बोटं पिवळी पडलेली.
हाफिजजींनी सुरुवात केली
की त्यांचं कोपर माझ्या कोपराला टेकायचं.
ढोसणं नाही,
भुईमुगाची शेंग फोडायला लागतो तेवढाच जोर.
मी थांबायचो,
कधी पहिल्याच ओळीत, कधी अगदी काठावर.
नमाजीत हे असं चालतं का,
ते आम्ही दोघांनी कधी कुणाला विचारलं नाही.

जोहर आणि असरला कोपर लागत नसे.
तेव्हा इमामही मनातच पढतो,
सगळी सफ माझ्यासारखी.
दिवसपाळीत नेमक्या त्याच दोन
शेडमध्ये जातात.

रजबमध्ये लाडलेसाब गेले.
जनाज्याच्या नमाजीतही सना असते,
तिच्यात दोन शब्द जास्त असतात,
आणि तिथं कुणीच मोठ्यानं पढत नाही.
ती मी पूर्ण म्हटली.
ते समोर होते, बाजूला नव्हते.

सफीत जागा रिकामी ठेवत नाहीत.
दुसऱ्या दिवशी तिथं कुणी ट्रकवाला उभा,
अंगाला डिझेलचा वास, हात पोटाशी घट्ट.
मी सना पुरी केली,
आणि दिवसभर वाटत राहिलं
की कुणाच्या तरी बोलण्यात बोललो.

पाचव्या फजरला बरगडीत काहीतरी टोचलं.
उजैर. लाडलेसाबचा नातू, अकरा वर्षांचा,
त्याचं कोपर तिथवरच पोचतं.
मी थांबलो,
जेमतेम सुब्हानक झालेलं.
नजर वर गेली, जायला नको होती.
पढताना हाफिजजींची मान डोलते,
ती डोलत नव्हती.

सलाम फिरवल्यावर पोरगं ओठ मोठे करून,
"चाचा, जल्दी हुआ क्या?"
मी म्हटलं, नाही. बराबर.
किती मोठ्यानं म्हटलं कोण जाणे,
सगळे वळून बघत होते.

उरलेली सना रात्री शेडमध्ये म्हणतो,
मागासमोर, तोंड उघडून,
चोवीस मागांच्या खडखडाटात.
पलीकडून अंबादास बघतो,
माझे ओठ वाचतो,
आणि दोन बोटं वर करून विचारतो:
दोन कप?

मी मान हलवतो.
दोन.