दोऱ्याची खाच

युफ्राझियाबाई पर्स पोटाशी धरून खुर्चीत टेकतात.
चाळीस वर्षं कुव्हिल्यांच्या गिरणीत
लोकरीचा दोरा दातानंच तोडला त्यांनी.
समोरच्या दाताला खाच पडलेली,
दोऱ्याच्याच मापाची.
परवा ऑलिव्हची बी लागली
आणि खाचेसकट कोपराच उडाला.

आधी आम्ल. पंधरा सेकंद.
तुटक्याला आणखी कशाला खाता?
तोंड उघडं, म्हणून भुवयाच विचारतात.
गुळगुळीतावर काही टिकत नाही, बाई,
चरे पडले की मगच पकड येते.
धुतो. फुंकर जपून.
ठणठणीत कोरडा केला तर दात धरत नाही,
थोडी ओल राहू द्यावी लागते.
पुस्तकात होतं हे. कळलं मात्र
दोन-तीन भरणं रुमालात बांधून परत आल्यावर.

मग रंग. ए-तीन?
नाही, साडेतीन. कॉफी,
आणि नवऱ्याच्या खिशातून चोरून ओढलेल्या सिगारेटी.
तो जाऊनही नऊ वर्षं झाली.
थर. निळा उजेड. वीस सेकंद.
थर. निळा उजेड.
नारिंगी काचेआड इनेश जांभई देते.

आरसा. जीभ फिरते, काहीतरी शोधते.
पर्समधून रीळ निघतं,
दोरा दातात धरला जातो,
सुटतो.
पुन्हा सुटतो.
"छान झालाय," बाई म्हणतात,
"कुणाचा आहे?"

चकाकी द्यायची चकती मी उतरवून ठेवतो,
सगळ्यांत बारीक बर चढवतो.
इनेशची जांभई अर्ध्यात थांबते.

दोरा द्या इकडे, म्हणतो,
मापाला.